रोजच्या वापरातले बूट

तपासनीस व्यासपीठाच्या तिसऱ्या पायरीवर होते, तेव्हा त्यांच्या डाव्या बुटाने प्राण सोडला. शिवण उसवली किंवा टाच निघाली असं नव्हे; तसं कुणाचंही होतं आणि त्यात अब्रू जात नाही. इथे अख्खा सोल भुगा होऊन खाली पडला. चौथ्या पायरीवर उजव्या बुटाने डाव्याला साथ दिली, आणि दोनशे माणसांच्या देखत तपासनीस माइकपाशी पोचले ते मागे काळ्या चुऱ्याची रांग सोडतच. नेमके त्याच क्षणी कारखान्याचे मालक लोकांना सांगत होते, "आणि हेच ते बूट! गेली सात वर्षं रोज वापरात!"

सुरू झालेल्या टाळ्या मध्येच थांबल्या. मागच्या रांगेतल्या दोघातिघांनी मात्र, त्यांना काही दिसत नसल्यामुळे, बराच वेळ वाजवल्या.

यातली खरी गोम अशी की ते बूट तपासनिसांनी त्या दिवशी पहिल्यांदाच पायात घातले होते.

तपासनीस हे काही त्यांचं नाव नाही. पण सरकारी भांडारात आलेला माल तपासून घेण्यात चौतीस वर्षं गेली, की नाव मागे पडतं आणि हुद्दा चिकटतो. खिळ्यांचं खोकं आलं तर आतले खिळे ओतून मोजल्याशिवाय त्यांनी कधी सही केली नाही, आणि मोजल्यावर बरोबर भरले तर त्यांना जास्तच संशय येई. निवृत्तीनंतर मोजायला माल उरला नाही, पण संशय होता तेवढाच राहिला. लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर उगाच का थांबते, पेपरवाला हल्ली हसून का बोलतो, समोरच्या दारातल्या विमा एजंटांनी नवे पडदे नेमके आताच का लावले, असे पाच-सहा तपास त्यांच्याकडे कायम चालू असत. शिवाय चांगली वस्तू वापरायची नाही, हे त्यांचं आणखी एक तत्त्व. दिवाणखान्यातल्या सोफ्यावर दुकानातलं प्लास्टिक अकरा वर्षं तसंच होतं आणि आलेले पाहुणे बोलता बोलता हळूहळू जमिनीकडे सरकत. वस्तू वापरली की खराब होते, असं तपासनीस म्हणत.

बूट दिले होते मेहुण्याने, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाने. तो बुटांचे सोल बनवणाऱ्या कारखान्यात रसायनांच्या मिश्रणाचा प्रमुख. माणूस सरळ, पण पॉलियुरेथेन या विषयावर एकदा सुटला की आवरत नसे. "भाऊजी, दोन पातळ द्रव असतात. वेगवेगळे ठेवलेत तर नुसतं पाणी वाटावं. एकत्र केलेत की मिनिटभरात फुगतात, आणि पुन्हा म्हणून वेगळे होत नाहीत. तुमची गादी त्याचीच, मोटारीची सीट त्याचीच, फ्रिजच्या दोन पत्र्यांमधला फेसही त्याचाच!" तपासनिसांना यात संशयास्पद एवढंच वाटे की एकच वस्तू इतक्या ठिकाणी कशी काय असू शकते. भांडारात असं काही आढळलं की ते लगेच चौकशी लावत.

सात वर्षांपूर्वी मेहुण्याने स्वतःच्या डोक्याने एक नवं मिश्रण बसवलं. त्याचे पहिले चार जोड चार ओळखीच्या माणसांना वापरून बघायला दिले, कारण सोल खरा कसा आहे ते यंत्राला नाही, पायाला कळतं, असं त्या धंद्यात मानतात. चौथा जोड भाऊजींचा. तपासनिसांनी बुटांचा वास घेतला, अंगठ्याने सोल दाबून बघितला, "वा!" असं मनापासून म्हणाले, आणि मेहुण्याची पाठ वळताच बूट एकात एक अशा दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून, तोंडाला चिकटपट्टी लावून कपाटावर ठेवून दिले.

महिन्याने मेहुण्याचा फोन आला. "भाऊजी, बूट कसे आहेत?"

"फारच छान," तपासनीस म्हणाले. हे खरंच होतं.

"घालता ना?"

"म्हणजे काय! रोज घालतो."

हे खोटं होतं. पण एवढंसं खोटं, तेही कुणाचं मन राखायला, एकदाच बोलून विसरून जायचं असतं. मेहुण्याने विसरू दिलं नाही. दर महिन्याच्या एक तारखेला फोन येऊ लागला, आणि दर एक तारखेला तपासनीस 'रोज घालतो' म्हणू लागले. पुढे पुढे त्यात त्यांनी भरही घातली. चढावर घसरत नाहीत, गुडघेदुखी कमी झाली, वगैरे. फोन ठेवला की बायको विचारायची, "अहो, मग घाला की एकदाचे."

"खराब होतील."

मेहुणा हे सगळं वहीत उतरवून घेतो, हे मात्र तपासनिसांना ठाऊक नव्हतं. पहिल्या वापरकर्त्याचे बूट चोरीला गेले, दुसऱ्याची दूरवर बदली झाली, तिसऱ्याशी मेहुण्याचं काहीतरी बिनसलं. उरले एकटे क्रमांक चार. त्यांच्या एकट्याच्या जिवावर सात वर्षांत ते मिश्रण कारखान्यात मान्य झालं होतं.

तर मेहुणा निवृत्त झाला, तेव्हा त्याच्या निरोपसमारंभाला तपासनिसांनी ते बूट काढले, आणि काढले ते प्रेमानेच. त्याच दिवशी मालक त्याला कारखान्याचा सल्लागार म्हणून नेमणार, असं आतून कळलं होतं. बायको आठ दिवस त्याच आनंदात होती. 'त्याचे बूट घालून जाऊ, बरं वाटेल त्याला,' असं तपासनीस आपणहून म्हणाले. हॉलच्या दारापाशी पाय जरा मऊ पडताहेत असं त्यांना वाटलं खरं, पण तो गालिच्याचा दर्जा समजून त्यांनी उलट गालिच्यावरच संशय घेतला. भाषणाच्या ओघात मालक 'क्रमांक चार' यांना वर बोलावतील, हे कुणाला ठाऊक असणार?

चुरा पडल्यावर पहिला धावला तो मेहुणा. त्याने वाकून सोलाचा एक मोठा तुकडा उचलला, उलटा केला आणि खालच्या नक्षीच्या खाचेतून नख फिरवलं. मग नखाकडे बघितलं. मग एकदाच, अगदी एकदाच, तपासनिसांकडे बघितलं. त्याने मालकांच्या हातातून माइक घेतला आणि म्हणाला, "दोष माझा आहे. पहिल्या खेपेला मिश्रणात माझ्याच हातून काहीतरी चूक झाली असणार."

मालकांचं हसू जागच्या जागी वाळलं. सल्लागारपदाचा कागद त्यांच्या खिशातून डोकं वर काढून होता, तो त्यांनी बोटाने खाली ढकलला. मेहुण्याच्या हातात फुलांचा गुच्छ ठेवला गेला आणि चहा झाला.

आता कुणीही म्हणेल, की तपासनिसांनी इथेच खरं सांगून टाकायला हवं होतं. पण त्यांची चौतीस वर्षं आड आली. न विचारता कबुली देणारा माणूस त्यांनी उभ्या नोकरीत बघितला नव्हता. भांडारातून पितळी नळ गायब झाले तेव्हासुद्धा चोराने शेवटपर्यंत हात वर केले होते. आणि हा? कुणी काही म्हणायच्या आत 'दोष माझा'! म्हणजे मोठा गुन्हा झाकायला छोटा कबूल करतोय. नापास झालेला माल याने सात वर्षांपूर्वी गोड बोलून नात्यागोत्यात खपवला, आणि हे त्याला तेव्हापासून माहीत होतं. नाहीतर दर महिन्याला फोन करून विचारायचं कारण काय? यात कुठेतरी पाणी मुरतंय!

तपासनिसांनी तिथल्या तिथे पंचनामा केला. पंच म्हणून चहावाला आणि ध्वनिवर्धकवाला यांच्या सह्या घेतल्या. पायऱ्यांवरचा चुरा पायरीवार तीन पाकिटांत भरला. हॉलच्या स्वच्छतागृहातल्या रबरी सपाता पायात घालून, बुटांचे वरचे भाग काखेत मारून ते घरी आले. येताना बायको गाडीत खिडकीबाहेर बघत होती.

"काय वाटतं तुला?" त्यांनी विचारलं.

"मला काय वाटायचंय? तुम्ही एकदा तरी घातले होते का ते बूट?"

"तो या तपासाचा विषय नाही," तपासनीस म्हणाले. त्यानंतर चार दिवस घरात फक्त भांडी बोलत होती.

बातमी इमारतीत आपोआप पसरली. सोसायटीत पसरणाऱ्या बातमीला पायांची गरज नसते, तेव्हा बुटांचा प्रश्नच नव्हता. समोरचे विमा एजंट सांत्वनाला म्हणून आले आणि प्लास्टिकच्या सोफ्यावर पाय घट्ट रोवून बसले. "पडला असतात तर?" ते म्हणाले. "व्यासपीठावरून पडला असतात, मणक्याला मार बसला असता, कायमचे अंथरुणाला खिळला असतात!"

"पण मी पडलो नाही."

"हीच तर चूक झाली. आता एकच करा, लेखी तक्रार द्या. नात्यातला माणूस म्हणून कानाडोळा कराल, तर उद्या तोच उलटेल." हे वाक्य नेमकं तपासनिसांच्या मर्मावर बसलं. एजंटांचा यात काय फायदा असावा, याचीही नोंद त्यांनी मनात केली, पण तक्रार लिहायला बसले. चार पानी तक्रार झाली. भाषा सरकारी, म्हणून वाचणाऱ्याला तपासनीस पडले की नाही हे शेवटपर्यंत कळत नसे. शेवटी मागणी एकच: 'संबंधितांवर उचित कारवाई व्हावी.' संबंधित म्हणजे सख्खा मेहुणा, हे लिहिताना पेन जरा अडखळलं, हे खरं आहे. पण अडखळलेल्या पेनानेही पुढे लिहिता येतं.

तक्रार कारखान्याच्या कचेरीत देऊन, पुरावा भक्कम असावा म्हणून ते आधी कोपऱ्यावरच्या बूट दुरुस्त करणाऱ्याकडे गेले. त्याने पाकिटातला तुकडा दोन बोटांत चुरडला, वास घेतला आणि हसला.

"साहेब, हे घातलेच नाहीत तुम्ही."

"म्हणजे?"

"घातले असते तर टिकले असते. ठेवून ठेवून मारलेत तुम्ही यांना."

तपासनिसांनी त्याच्याकडे बारीक डोळे करून बघितलं. वापरल्याने टिकतं आणि ठेवल्याने मोडतं, असं सांगणारा माणूस एकतर अडाणी असतो नाहीतर फितवलेला. दुकानाच्या फळीवर त्याच कारखान्याच्या सोलांचा गठ्ठा दिसला तेव्हा त्यांची खात्रीच पटली. "अच्छा! माल तिथूनच येतो वाटतं?" एवढंच बोलून ते निघाले.

मग सरकारी परीक्षण प्रयोगशाळा. खरं तर आपल्या जगात आलो म्हणून तपासनिसांना तिथे बरं वाटायला हवं होतं, पण खिडकीच्या बाहेरून ते जग त्यांनी पहिल्यांदाच बघितलं. रबर विभागाच्या खिडकीवरचा माणूस म्हणाला, हे रबर नाही, प्लास्टिककडे जा. प्लास्टिकवाल्याने तुकडा दाबला. दाबला गेला, म्हणून तो फोम ठरला. फोमची खिडकी बंद होती आणि तिच्यावर 'चौकशी रबर विभागात करावी' अशी पाटी होती. तीन फेऱ्या झाल्यावर एक अर्ज मिळाला. त्यात 'नमुन्याचे स्वरूप: घन / द्रव / वायू' असा रकाना होता. तपासनिसांनी बराच विचार करून लिहिलं, 'पूर्वी घन, सध्या चूर्ण.' नमुना अखंड हवा, असं कारकून म्हणाला. अखंड असता तर मी इथे आलो असतो का, असं तपासनीस म्हणाले. कारकुनाने नियम दाखवला. तो नियम वाचताना तपासनिसांच्या छातीत बारीक कळ आली, कारण अगदी याच धाटणीचा एक नियम भांडारासाठी त्यांनी स्वतः लिहिला होता.

हा वाद ऐकून आतून एक मॅडम बाहेर आल्या. पांढरा कोट, कपाळावर चढवलेला चष्मा. त्या म्हणाल्या, "असू दे, द्या माझ्याकडे. बुटाचे वरचे भाग आणि मोठे तुकडेही द्या."

"तुम्हाला यातलं कळतं, हे कशावरून?" तपासनिसांनी विचारलं. सवयीने विचारलं, अपमान करायचा नव्हता.

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी तपासनिसांना आत नेलं, कागदी पेल्यात दोन द्रव ओतले, एक मधासारखा, दुसरा तपकिरी. वर पाण्याचे थोडे थेंब टाकले आणि काडीने ढवळलं. काही क्षण काहीच झालं नाही. मग पेला पांढुरका झाला, आतून कुणीतरी श्वास घेतल्यासारखा फेस वर आला, दूध उतू जावं तसा काठाबाहेर फुगला आणि तिथेच थबकला. मॅडमनी त्यावर टिचकी मारली. टक्क वाजलं.

"पाणी कशाला टाकलंत?" तपासनिसांनी ताबडतोब विचारलं.

"पाण्याने आत वायू तयार होतो, म्हणून तर फुगतो."

"म्हणजे भेसळच ही."

"नाही हो. पाणी आहे म्हणून तर फोम होतो," मॅडम म्हणाल्या. "अहवाल पंधरा दिवसांनी मिळेल."

ते पंधरा दिवस तपासनिसांच्या घरावर फार कठीण गेले. त्या एका पेल्याने त्यांची झोप उडवली होती. मेहुणा म्हणायचा ते खरं असेल तर हे दोन द्रव घरात सगळीकडे दडून बसले होते, आणि जे बुटाचं झालं ते कशाचंही होऊ शकत होतं. त्यांनी गादी दाबली. खुर्च्यांच्या बैठका दाबल्या. फ्रिजला कान लावला. टेबलावरच्या चकचकीत वॉर्निशमध्येही तेच असतं असं कुठेतरी वाचून, टेबलावर हात टेकायलाही सगळ्यांना बंदी केली.

"अहो, फ्रिज कशाला चाचपताय?" बायकोने चार दिवसांनी बोललेलं हे पहिलं वाक्य.

"आतून भुगा झाला असेल तर?"

"तो चालू आहे ना? रोज उघडतो ना आपण? मग नाही व्हायचा," ती म्हणाली. तिच्या आवाजात भावाची सगळी बाजू होती. मग ती ओट्याकडे वळून म्हणाली, "त्याला आज पत्र आलंय. चौकशी संपेपर्यंत नेमणूक स्थगित. तुमच्या तक्रारीवरून." हे म्हणताना तिला रडू आलं आणि ते तिने लपवलं नाही. तपासनीस उभेच राहिले. तक्रार केली की चौकशी लागते हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण ती खरोखर लागली तेव्हा त्यांना आनंद झाला नाही, आणि आनंद का झाला नाही याचाही त्यांना संशय आला.

चौकशी ठरली त्याच दिवशी सकाळी अहवाल मिळाला. तपासनिसांनी तो प्रयोगशाळेच्या पायऱ्यांवर उभं राहून वाचला, आणि पुन्हा आत जाऊन मॅडमना गाठलं.

"यात चूक आहे. 'मिश्रणाचे प्रमाण योग्य, उत्पादनात दोष नाही' असं लिहिलंय तुम्ही."

"चूक नाही. सोल उत्तम होता."

"मग फुटला कसा?"

"या जातीच्या सोलाला दमट हवा हळूहळू खाते," मॅडम म्हणाल्या. "साखळीची एकेक कडी उकलत जाते. पायात असला की सोल दाबला जातो, सुटतो, आतली ओल बाहेर पडते, हवा खेळते. तुम्ही तो घट्ट बांधून ठेवलात. पिशवीत ना?"

"दोन पिशव्यांत," तपासनीस म्हणाले.

"मग ती ओल आतच बसली, वर्षानुवर्षं."

म्हणजे पाणी खरंच मुरलं होतं, फक्त तपासनीस समजत होते तिथे नव्हे. त्यांनी शेवटचा प्रयत्न केला. "पण हे बूट रोज वापरले गेले नाहीत, असं तुम्ही कशावरून लिहिलंत?"

मॅडमनी सोलाचा तुकडा उलटा धरून खाचेत नख फिरवलं. नखावर पांढरट, गुळगुळीत असं काहीतरी आलं. "सोल साच्याला चिकटू नये म्हणून साच्यात आधी मेण फवारतात. दोन दिवस चाललात तरी निघून जातं. तुमच्या बुटावर ते अजून तसंच आहे. सोल ओतणाऱ्या माणसाला हे एका नजरेत कळेल."

तपासनिसांना व्यासपीठ आठवलं. वाकलेला मेहुणा, खाचेतून फिरलेलं नख, आणि ती एकच नजर. म्हणजे त्याला तेव्हाच कळलं होतं. मेहुणा खोटं बोलत होता हा त्यांचा संशय अगदी बरोबर निघाला. फक्त तो खोटं बोलला ते यांच्यासाठी. तपासनिसांना उभ्याउभ्या इतकी शरम वाटली, की मॅडमनी न विचारता खुर्ची पुढे केली.

कारखान्याच्या बैठकीच्या खोलीत एक लांब टेबल होतं. एका टोकाला मालक, शेजारी टिपणं घेणारी लेखनिक, आणि दुसऱ्या टोकाला मेहुणा, मांडीवर सात वर्षांची वही घेऊन. तपासनिसांना तक्रारदाराची खुर्ची मिळाली. खिशातल्या अहवालावर त्यांनी हात दाबून धरला होता. वाटेत त्यांनी सगळ्या बाजूंनी विचार केला होता. तक्रार मागे घेतली तरी मेहुणा सुटत नव्हता, कारण कबुली त्याने स्वतःच दिली होती. त्याला सोडवणारा एकच कागद जगात होता, आणि त्या कागदावर तपासनिसांची सात वर्षांची लबाडी शिक्क्यानिशी लिहिलेली होती.

"यांनी लेखी दिलंय, की मिश्रण चुकलं," मालक मेहुण्याकडे बघत म्हणाले. "तक्रारदारांना आणखी काही सांगायचंय?"

तपासनीस उठले आणि त्यांनी अहवाल मोठ्याने वाचला. चौतीस वर्षांत त्यांनी दुसऱ्यांविरुद्ध शेकडो अहवाल वाचले होते, सगळे खणखणीत आवाजात. हा वाचताना आवाज दोनदा बसला. 'पादत्राण व्यवहारतः न वापरलेले' या ओळीपाशी लेखनिकेने मान वर करून बघितलं.

मालकांनी हात पुढे करून मेहुण्याकडची वही घेतली. "मग या चौऱ्याऐंशी नोंदी? 'रोज वापर. चढावर घसरत नाहीत. गुडघेदुखी कमी.' या कुणी केल्या?"

"मीच," मेहुणा चटकन म्हणाला. "घरी बसून मनाने भरल्या."

"खोटं बोलतोय तो!" तपासनीस ओरडलेच. संशयिताला खोटं बोलताना पकडण्यात आयुष्य गेलं, पण असं डोळ्यांत पाणी आणून त्यांनी कुणाला पकडलं नव्हतं. "दर महिन्याला मी सांगायचो फोनवर. 'रोज घालतो' हे माझं वाक्य आहे. गुडघेदुखीसुद्धा माझीच. ती कमी झालेली नाही."

मग मालकांनी वही मिटली. "म्हणजे सोल चांगला होता, साक्षीदार वाईट निघाला," ते म्हणाले. "सगळी चाचणी पहिल्यापासून करावी लागेल. आणि ती करायला सल्लागार लागेल." त्यांनी खिशातून तोच कागद काढला, सही करून मेहुण्यापुढे सरकवला आणि लेखनिकेला घेऊन निघून गेले. जाताना तपासनिसांकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही, आणि ते बरोबरच होतं.

आता लांब टेबलाच्या दोन टोकांना दोघेच उरले. मेहुणा कागदाची घडी घालत होता. एकदा घातलेली घडी त्याने उलगडली आणि पुन्हा घातली.

"तुला तिथेच कळलं होतं," तपासनीस म्हणाले. "मग बोलला का नाहीस?"

"दोनशे माणसं होती, भाऊजी. ताई पहिल्या रांगेत बसली होती."

"आणि मी तुझ्यावर चार पानं लिहिली."

"वाचली मी. भाषा चांगली आहे." मेहुणा हसला नाही. मग त्याच्या तोंडून जे आलं ते सात वर्षं आत साठलेलं होतं. "मला आधीपासूनच शंका होती. वहीसाठी वर्षातून दोन फोन पुरले असते हो. दर महिन्याला मी फोन करायचो तो वेगळ्यासाठी. माझ्या हातची ती पहिलीच वस्तू होती, आणि मला सारखं वाटायचं, की भाऊजींना ती आवडलेलीच नाही."

तपासनीस थक्क होऊन त्याच्याकडे बघत राहिले. सगळे संशय घेऊन झाले होते, पण कुणी असाही संशय घेऊ शकेल हे त्यांच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

"अरे वेड्या," ते म्हणाले, "आवडले नसते, तर रोज घातले नसते का?"